सुबारू एसटीआयचं बूस्ट: आधी वेस्टगेट, मग लॅपटॉप

डाउनपाईप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाईप) बदलला, इनटेक (हवा आत घेणारा पाईप) बदलला, थ्री-पोर्ट सोलेनॉइड (बूस्ट सांभाळणारी विजेवरची तीन तोंडांची झडप) बसवला, कुणाकडून तरी मॅप (ट्यूनिंगच्या आकड्यांची फाइल) मिळवून ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, भरला, आणि मग प्रश्न सुरू होतात. बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, १९ पीएसआयला जाऊन गाडी झटका का देते? उन्हाळ्यात नीट चालणारी गाडी थंडीत फ्युएल कट का मारते, म्हणजे बूस्ट मर्यादेबाहेर गेलं म्हणून इंधन का तोडते? ६,००० आरपीएमच्या पुढे बूस्ट आपोआप का चढतं? या प्रश्नांची उत्तरं टार्गेट बूस्टच्या टेबलात क्वचितच असतात. तरी लोक तिथेच शोधतात, कारण ते टेबल खुर्चीत बसून बदलता येतं. नळीची क्लिप तपासायला बॉनेट उघडावं लागतं.

इथे धरलेली गाडी म्हणजे अमेरिकेत २००४ ते २०२१ या काळात विकली गेलेली डब्ल्यूआरएक्स एसटीआय: ईजे२५७ इंजिन, अडीच लिटर, फॅक्टरीचाच व्हीएफ३९, व्हीएफ४३ किंवा व्हीएफ४८ टर्बो, इंटर्नल वेस्टगेट (एक्झॉस्टचा गॅस टर्बाइनला वळसा घालून सोडणारी, टर्बोतच असलेली झडप). अमेरिकेत नोकरीला गेलेल्या आपल्या बऱ्याच मंडळींच्या गॅरेजात ती दिसते. भारतात ऑक्टाव्हिया व्हीआरएससारख्या गाड्या ट्यून करणाऱ्यांना तपासणीचा क्रम उपयोगी पडेल, पण तिच्या ईए८८८ इंजिनच्या तिसऱ्या पिढीत वेस्टगेट विजेच्या मोटरवर चालतं. तिथे नळ्या आणि सोलेनॉइडचे टप्पे लागू नाहीत.

सुरुवातीला एवढं डोक्यात पक्कं हवं

टार्गेट बूस्ट ही ईसीयूची इच्छा असते. प्रत्यक्ष बूस्ट ठरतं ते वेस्टगेटची झडप किती उघडते यावर. झडप बंद ठेवते ॲक्चुएटरची (झडपेचा दांडा हलवणाऱ्या डबीची) स्प्रिंग, आणि उघडतो टर्बोच्या कॉम्प्रेसरकडून (हवा दाबणाऱ्या बाजूकडून) नळीने येणारा दाब. सोलेनॉइडचं काम एवढंच, की त्या दाबातला काही भाग वाटेत सोडून द्यायचा, म्हणजे झडप उशिरा उघडते आणि बूस्ट वाढतं. ड्युटी, म्हणजे सोलेनॉइडला किती टक्के वेळ वीज मिळते ते, जितकी जास्त, तितका दाब जास्त सुटतो आणि तितकं बूस्ट जास्त.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, ड्युटी शून्य केली तरी बूस्ट स्प्रिंगच्या आकड्याखाली जात नाही, कुठलाही मॅप भरा. दोन, ॲक्चुएटरची नळी निसटली तर झडप उघडतच नाही आणि बूस्ट टर्बोच्या ताकदीपर्यंत चढत जातं. म्हणजे या यंत्रणेतला सगळ्यात धोकादायक भाग ही शंभर रुपयांची रबरी नळी आहे.

एककांचा गोंधळही आताच मिटवा. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. गेजवरचं बूस्ट हवेच्या दाबाच्या वरचं असतं, तर लॉगमधला (गाडी चालताना ईसीयूकडून घेतलेल्या नोंदींतला) मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, काही वेळा ॲबसोल्यूट असतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय, म्हणून ॲबसोल्यूट २९.७ म्हणजे गेजवर १५. दोन आकड्यांची सरमिसळ करून टार्गेट भरणारे लोक आहेत.

टप्पा १: इंजिन आणि पेट्रोल

कॉम्प्रेशन आणि लीकडाउन (सिलिंडर किती दाब तयार करतो आणि किती गळतो) दोन्ही चाचण्या करून आकडे लिहून ठेवा. ईजे२५७ चे पिस्टन ओतीव आहेत, आणि नॉक झाला, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून हादरा बसला, की रिंगांच्या मधली कड तुटते. इंजिन मरतं ते नॉकमुळे, नुसत्या बूस्टमुळे नव्हे. पण जास्त बूस्टवर नॉक व्हायला फार थोडं निमित्त पुरतं. एखाद्या सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा ठळक कमी असेल तर पुढे जाऊ नका. हे इंजिन तेल पिण्यासाठी प्रसिद्ध आहे, म्हणून प्रत्येक सत्राआधी डिपस्टिक बघा. ऑइल पुरतं गरम झाल्याशिवाय पूर्ण थ्रॉटल देऊ नका.

पेट्रोलच्या बाबतीत एक चूक खास आपल्या लोकांची. अमेरिकेतल्या पंपावरचा ९१ आणि भारतातल्या पंपावरचा ९१ एक नव्हेत. ऑक्टेन, म्हणजे नॉक सहन करण्याची पेट्रोलची ताकद, अमेरिकेत एकेआयमध्ये मोजतात, भारतात आणि ऑस्ट्रेलियात आरओएनमध्ये. अमेरिकेचं ९१ हे साधारण ९५-९६ आरओएनच्या जवळ जातं आणि ९३ सुमारे ९८ आरओएनच्या. भारतात बरीच वर्षं मिळणारं साधं ९१ आरओएनचं पेट्रोल अमेरिकेच्या हिशेबात ८७ च्या आसपास होतं, म्हणजे तिथलं सगळ्यात स्वस्त पेट्रोल. इंटरनेटवरून उतरवलेला '९१ चा मॅप' भारतातल्या कुठल्याही टर्बो गाडीत ९१ आरओएनच्या पेट्रोलवर चालवणं म्हणजे पिस्टनवर हातोडा घालणं. शिवाय ई२० पेट्रोलचं स्टॉइकिओमेट्रिक गुणोत्तर (इंधन पूर्ण जळायला लागणारं हवा-इंधन प्रमाण) सुमारे १३.५ असतं, शुद्ध पेट्रोलसारखं १४.७ नव्हे, म्हणून वाइडबँड (मिश्रण मोजणारा एक्झॉस्टमधला सेन्सर) एएफआरऐवजी, म्हणजे हवा-इंधन गुणोत्तराऐवजी, लॅम्बडामध्ये (प्रत्यक्ष गुणोत्तर भागिले स्टॉइकिओमेट्रिक) वाचलेला बरा.

> सावधान: ट्यूनिंग चालू असताना पेट्रोलचा प्रकार बदलू नका. टाकीत अर्धं जुनं, अर्धं नवं असेल तर त्या दिवशीचे लॉग फेकून द्या.

टप्पा २: गळती शोधा

हा टप्पा सगळे टाळतात, आणि निम्म्या तक्रारी इथेच संपतात. कॉम्प्रेसरनंतर हवा गळत असेल तर मॅनिफोल्डमध्ये टार्गेट गाठायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं. गेजवर १७ दिसतात, पण टर्बो १९ चं काम करत असतो. हवा जास्त तापते, नॉक वाढतो. त्यात एसटीआयला मास एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) आहे: मोजली गेलेली हवा वाटेत गळाली की मिश्रण रिच होतं, म्हणजे इंधन जास्त पडतं, आणि आधीच्या ट्यूनरने ते लपवायला इंधन कमी केलेलं असलं तर प्रकरण आणखी गुंतागुंतीचं होतं.

क्रम असा ठेवा:

१. इंजिन थंड असताना टर्बोच्या इनलेटवर टेस्ट कॅप बसवा. क्रँककेसच्या ब्रीदर नळ्या वेगळ्या करून बंद करा, नाहीतर सगळा दाब क्रँककेसमध्ये जाऊन सील उलटतील.
२. हवा भरायच्या कॉम्प्रेसरमधून हळूहळू दाब वाढवत १५ पीएसआयपर्यंत न्या. एकदम भरू नका.
३. साबणाचं पाणी फवारा: टॉप-माउंट इंटरकूलरचे दोन्ही टोकांचे जोड, वाय-पाईप, बायपास व्हॉल्व्हची गॅस्केट, थ्रॉटल बॉडी, इंजेक्टरचे सील.
४. फुगे दिसतील तिथे दुरुस्ती करून पुन्हा पहिल्यापासून चाचणी घ्या.

एक्झॉस्टच्या बाजूचीही गळती तपासा. अप-पाईपची (इंजिनपासून टर्बोपर्यंतच्या एक्झॉस्ट पाईपची) गॅस्केट गेली असेल तर थंड इंजिनवर टिकटिक ऐकू येते, गरम झाल्यावर ती थांबते, आणि टर्बो आळशी होतो. लोक त्याला 'बूस्ट कमी' म्हणून ड्युटी वाढवतात.

टप्पा ३: ॲक्चुएटर आणि प्रीलोड

हातपंप लागतो, गेज असलेला. ॲक्चुएटरला थेट जोडा, १० पीएसआय भरा आणि थांबा. आकडा उतरला तर डायफ्राम फाटलेला आहे, बाकी काही करण्यात अर्थ नाही. टिकला तर शून्यापासून पुन्हा सुरू करून दोन आकडे लिहा: दांडा कुठल्या दाबाला हलायला लागतो आणि कुठे पूर्ण बाहेर येतो. एखादं कमकुवत ॲक्चुएटर लवकर हलतं. मग बूस्ट चढायला उशीर होतो आणि लोक टर्बोला शिव्या देतात.

लांबी बदलता येणारा दांडा असेल तर झडप बंद धरून दांड्याचं भोक पिनपेक्षा एक-दोन मिलिमीटर अलीकडे राहील असं लावा, म्हणजे बसवताना दांडा थोडा ओढावा लागेल. तेवढा प्रीलोड पुरे. जास्त बूस्ट हवं म्हणून दांडा आणखी आखूड करत नेणं ही जुनी गॅरेजी युक्ती आहे, आणि वाईट आहे. दांड्याचा प्रवास ठरलेला असतो. प्रीलोडमध्ये तो खाल्ला की झडप पूर्ण उघडत नाही आणि वरच्या आरपीएमला बूस्ट हाताबाहेर जातं.

तपासणी: दांडा काढून झडप हाताने हलवा. ती अडखळत असेल, किंवा डाउनपाईपचा फ्लँज तिला घासत असेल (बाहेरच्या कंपन्यांच्या डाउनपाईपमध्ये हे होतं), तर आधी ते नीट करा.

टप्पा ४: नळ्या आणि थ्री-पोर्ट सोलेनॉइड

फॅक्टरीची रचना टू-पोर्ट आहे. कॉम्प्रेसरकडून येणाऱ्या नळीत बारीक भोकाची एक पितळी पिल असते, पुढे टी (तीन तोंडांचा जोड) आहे, टीची एक वाट ॲक्चुएटरला आणि दुसरी सोलेनॉइडमधून परत इनटेकला जाते. थ्री-पोर्टमध्ये टी नसते, सोलेनॉइड स्वतःच वाट बदलतो. त्यामुळे त्याचा परिणाम जास्त तीव्र असतो, आणि टू-पोर्टसाठी लिहिलेला ड्युटीचा मॅप त्यावर चालवला की पहिल्याच फेरीत ओव्हरबूस्ट होतो. सोलेनॉइड बदलला की ड्युटीची टेबलं नव्याने भरायची, यात पळवाट नाही.

जोडताना पोर्टवरच्या आकड्यांवर विसंबू नका, कारण कंपनीनुसार ते बदलतात. तोंडाने फुंकून बघा. वीज नसताना जे दोन पोर्ट एकमेकांना जोडलेले आहेत त्यांतला एक कॉम्प्रेसरला आणि दुसरा ॲक्चुएटरला. १२ व्होल्ट दिल्यावर ॲक्चुएटरचा पोर्ट तिसऱ्याला जोडला गेला पाहिजे. तो तिसरा पोर्ट इनटेकला, मास एअरफ्लो सेन्सर आणि टर्बो यांच्या मधल्या पाईपला जातो. हे असंच का? उद्या सोलेनॉइडची वायर तुटली तर गाडी स्प्रिंगच्या बूस्टवर यायला हवी. उलटं जोडलं तर वायर तुटल्यावर झडप कायमची बंद राहते.

आणखी चार गोष्टी, ज्यांत चुका नेहमी होतात:

• थ्री-पोर्ट लावताना पितळी पिल काढायची राहून जाते. ती नळीत आत असते, दिसत नाही. बोटाने दाबून शोधा किंवा ती नळी फेकून नवी घ्या.
• दाब कॉम्प्रेसर हाउसिंगच्या निपलवरून घ्या, मॅनिफोल्डवरून नको. मॅनिफोल्डमध्ये थ्रॉटल बंद झाल्यावर व्हॅक्यूम असतो.
• या नळीवर बूस्ट गेज किंवा दुसरं काही टी करून जोडू नका. गेजची नळी फुटली तर ॲक्चुएटरचा दाबही गेला.
• नळ्या शक्य तितक्या आखूड, सिलिकॉनच्या, टर्बोच्या उष्णतेपासून लांब. प्रत्येक टोकाला क्लिप. झिपटाय गरमीत सैल पडतो.

मॅन्युअल बूस्ट कंट्रोलरबद्दल थोडक्यात: गोळी-स्प्रिंगवाला कंट्रोलर बूस्ट झटकन चढवतो आणि स्वस्त आहे. पण त्याला थंडी, उंची, गिअर यांपैकी काही कळत नाही, आणि नॉक झाल्यावर ईसीयूला बूस्ट खाली आणता येत नाही. ईजे२५७ वर मी तो लावायला सांगणार नाही.

टप्पा ५: मोजण्याची सोय

वाइडबँड सेन्सर हवाच. फॅक्टरीचा पुढचा एअर-फ्युएल सेन्सर साधारण ११.१ च्या खाली वाचतच नाही, आणि तुम्हाला पूर्ण बूस्टवर नेमका तोच भाग बघायचा असतो. लॉगिंगसाठी कॉब ॲक्सेसपोर्ट, किंवा टॅक्ट्रिक्स ओपनपोर्ट २.० आणि रॉमरेडर. दोन्ही चालतात.

लॉगमध्ये आरपीएम, थ्रॉटल, बूस्ट, टार्गेट बूस्ट, बूस्ट एरर (टार्गेट आणि प्रत्यक्ष बूस्टमधला फरक), वेस्टगेट ड्युटी, इनटेक तापमान, एएफआर, इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), फीडबॅक नॉक करेक्शन (नॉक जाणवताच ईसीयू टायमिंग किती अंश मागे घेते), फाइन नॉक लर्निंग (आधीच्या नॉकवरून शिकलेली कपात), डायनॅमिक ॲडव्हान्स मल्टिप्लायर (टायमिंगवरचा ईसीयूचा भरवसा, पूर्ण असला की १), मास एअरफ्लोचं व्होल्टेज आणि इंजेक्टर ड्युटी घ्या. यापेक्षा जास्त गोष्टी घेतल्या की सेकंदाला मिळणाऱ्या नोंदी कमी होतात आणि बूस्टचं टोक दोन नोंदींच्या मधे हरवतं.

थांबायचं कधी, हे इंजिन सुरू करण्याआधीच ठरवा. मल्टिप्लायर १ च्या खाली गेला: थांबा. फीडबॅक नॉक एकदा -१.४ आला तर तो कधी कधी नुसता आवाज असतो, पण त्याच आरपीएमला पुन्हा आला, किंवा -२.८ दिसला, तर थांबा. पूर्ण बूस्टवर पेट्रोलचा एएफआर ११ च्या आसपास नसून ११.८-१२ कडे जात असेल, तर थांबा. इंजेक्टर ड्युटी ९० टक्क्यांच्या वर: थांबा, बूस्टचा प्रश्न नंतर.

टप्पा ६: आधी कुंपण

बूस्ट वाढवण्याआधी फ्युएल कटची मर्यादा खाली आणा. लोक नेमकं उलटं करतात: फ्युएल कट लागतो म्हणून आधी त्याचीच मर्यादा उंचावतात. पहिल्या फेऱ्यांसाठी ती अपेक्षित बूस्टच्या २-३ पीएसआय वर ठेवा आणि जसं वर जाल तशी सरकवा. हे टेबल हवेच्या दाबाप्रमाणे वेगवेगळे आकडे धरतं. एकच रकाना बदलू नका.

टप्पा ७: शून्य ड्युटीची फेरी

टर्बो डायनॅमिक्सची (बूस्ट एरर बघून ड्युटी आपोआप सुधारणाऱ्या क्लोज्ड लूपची) प्रपोर्शनल आणि इंटिग्रल टेबलं शून्य करा. इनिशियल (ईसीयू सुरुवातीला धरते ती) आणि मॅक्स (वरची मर्यादा) वेस्टगेट ड्युटी दोन्ही सगळीकडे शून्य. आता चौथ्या गिअरमध्ये २,५०० पासून ६,५०० पर्यंत पूर्ण थ्रॉटलची एक फेरी. ही डायनोवर (गाडी जागीच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा ट्रॅकवरच करा. भार देता येणारा डायनो निवडा, कारण हलक्या ड्रमवर इंजिन इतक्या लवकर आरपीएम चढतं की टर्बोला पूर्ण फिरायला वेळ मिळत नाही, आणि जे बूस्ट डायनोवर दिसलं नाही ते ट्रॅकवर दिसतं.

या फेरीत जो आकडा मिळेल तो तुमच्या गाडीचा तळ. फॅक्टरी ॲक्चुएटरवर तो बहुधा ७ ते ९ पीएसआय येतो. महत्त्वाचं मात्र त्याचा आकार. रेघ सपाट राहिली किंवा वरच्या टोकाला किंचित उतरली तर छान. ५,००० नंतर ती चढत गेली, समजा ८ वरून १२ पर्यंत, तर त्याला क्रीप म्हणतात: झडप पूर्ण उघडी असूनही तिच्या भोकातून सगळा गॅस जात नाही, उरलेला टर्बाइन फिरवतो. डाउनपाईप मोकळा केल्यावर हे उघड होतं, कारण टर्बाइनमागचा अडथळा कमी झालेला असतो.

क्रीप ईसीयूमधून दुरुस्त होत नाही. शून्याच्या खाली ड्युटी नसते. टर्बो काढून वेस्टगेटचं भोक मोठं करून घ्या आणि झडप त्या मापाला बसते ना ते बघा, किंवा एक्स्टर्नल वेस्टगेट लावा. तुमचं अंतिम टार्गेट १७ असेल आणि क्रीप १२ वरच थांबत असेल, तर तेवढ्यासाठी टर्बो उतरवायची गरज नाही. पण थंड हवेत क्रीप वाढतो हे हिशेबात धरा.

> तपासणी: शून्य ड्युटीलाच बूस्ट १५ च्या वर गेलं? क्रीपचा विचार करण्याआधी ॲक्चुएटरची नळी बघा. बहुतेक वेळा ती निघालेली किंवा चुकीच्या पोर्टला असते.

टप्पा ८: ड्युटीची शिडी

आता इनिशियल आणि मॅक्स दोन्ही टेबलं पूर्ण थ्रॉटलच्या रकान्यांत १० टक्के करा. फेरी, लॉग, नोंद. मग १५, २०, २५. एका वेळी ५ टक्क्यांच्या वर जाऊ नका, आणि दोन फेऱ्यांमध्ये इनटेकचं तापमान पुन्हा खाली येऊ द्या. टॉप-माउंट इंटरकूलर इंजिनच्या डोक्यावर बसलेला असतो. गाडी उभी राहिली की तो तव्यासारखा तापतो आणि पुढच्या फेरीचा आकडा खोटा येतो.

प्रत्येक फेरीनंतर वहीत तीन आकडे: शिखराचं बूस्ट आणि ते कुठल्या आरपीएमला आलं, ५,००० चं बूस्ट, ६,५०० चं बूस्ट. चार-पाच फेऱ्यांनी तुमच्या गाडीचा तक्ता तयार होतो. थ्री-पोर्टवर ड्युटी आणि बूस्टचं नातं सरळ रेषेत नसतं: मधल्या पट्ट्यात थोड्या ड्युटीला बूस्ट बरंच उडी मारतं. २० टक्क्यांना १३ मिळाले म्हणून ३० ला १६ मिळतील असं धरून चालू नका.

कुठे थांबायचं? फॅक्टरीचं शिखर साधारण १४.५ पीएसआयचं असतं. व्हीएफ४८ वर, चांगल्या पेट्रोलवर, १७ च्या आसपासचं शिखर आणि ६,५०० ला १३-१४ पर्यंत उतार हे मला शहाणपणाचं वाटतं. वरच्या टोकाचा उतार बघून लोक अस्वस्थ होतात आणि तिथे ड्युटी ९० टक्क्यांवर नेतात. हा टर्बो लहान आहे. तिथे तो हवा कमी आणि उष्णता जास्त देतो: गेजवर २ पीएसआय वाढतात, इनटेक तापमान चढतं, ईसीयू टायमिंग मागे घेते, आणि डायनोवर ताकद तेवढीच किंवा कमी. वरच्या टोकाला बूस्ट हवंच असेल तर मोठा टर्बो घ्या.

टप्पा ९: टार्गेट भरा, क्लोज्ड लूप चालू करा

आता कुठे टार्गेट बूस्टच्या टेबलाला हात लावायचा. निवडलेल्या ड्युटीला प्रत्येक आरपीएमवर प्रत्यक्ष जे बूस्ट मिळालं, तेच टार्गेट म्हणून लिहा. आपल्याला आवडलेला आकडा लिहिला आणि टर्बो तो गाठू शकत नसेल, तर ईसीयू ड्युटी वाढवत राहते आणि पुढच्या गिअरला ती साठलेली ड्युटी ओव्हरबूस्ट बनून अंगावर येते.

इनिशियल ड्युटी तक्त्याप्रमाणे. मॅक्स ड्युटी त्याच्यापेक्षा फक्त ५ टक्के वर. मग प्रपोर्शनल टेबल फॅक्टरीच्या आकड्यांच्या निम्म्याने चालू करा, आणि सगळ्यात शेवटी इंटिग्रल, तेही थोडंच. इनिशियल ड्युटी बरोबर असेल तर डायनॅमिक्सला जवळजवळ काही करावंच लागत नाही. लॉगमध्ये बूस्ट एरर अर्ध्या-एक पीएसआयच्या आत राहिली की झालं.

लॉग वाचताना:

बूस्ट ३,५०० च्या आसपास टार्गेटच्या २ पीएसआय वर उडी मारून परत बसलं, तर तो स्पाइक. इनिशियल ड्युटी त्या आरपीएमच्या थोडी आधी कमी करा, कारण सोलेनॉइड आणि झडपेला प्रतिसाद द्यायला वेळ लागतो. शिखर ३,५०० ला असेल तर बदल ३,००० ते ३,४०० मध्ये. नेमक्या शिखराच्या रकान्यात कपात केली तर स्पाइक तसाच राहतो आणि त्यामागे एक खड्डा पडतो.

बूस्ट वर-खाली डोलत राहिलं तर इंटिग्रल जास्त आहे, किंवा नळ्या फार लांब आहेत. आधी नळ्या बघा.

पी०२४४ कोड आला तर प्रत्यक्ष बूस्ट टार्गेटपेक्षा फार वर गेलेलं आहे. कोड पुसून पुन्हा फेरी मारू नका, लॉग उघडा.

ड्युटी मॅक्सला टेकूनही बूस्ट कमी असेल, तर टप्पा २ कडे परत. ड्युटी वाढवू नका.

टप्पा १०: थंडी, उंची, गिअर

एका दुपारी एका गिअरमध्ये जमलेला मॅप अर्धाच झालेला असतो. थंड हवा दाट असते, त्याच ड्युटीला टर्बो जास्त दाब देतो. शिकागो किंवा मिनेसोटात राहणाऱ्यांनी ऑगस्टमधल्या मॅपवर डिसेंबरमध्ये पूर्ण थ्रॉटल देण्याआधी पुन्हा लॉग घ्यावा. वरच्या गिअरमध्ये इंजिनवर भार जास्त वेळ राहतो, म्हणून चौथ्यात बरोबर असलेलं बूस्ट पाचव्यात एखादा पीएसआय वर जाऊ शकतं. तिसरा, चौथा, पाचवा असे तिन्ही ट्रॅकवर बघून घ्या.

उंचीचा हिशेब डेन्व्हरवर करू. तिथे उंची सुमारे १,६०० मीटर, हवेचा दाब साधारण १२.१ पीएसआय. समुद्रसपाटीला गेजवर १५ म्हणजे ॲबसोल्यूट २९.७, आणि प्रेशर रेशो २९.७ भागिले १४.७, म्हणजे जवळपास २. डेन्व्हरला तेवढाच ॲबसोल्यूट दाब हवा असेल तर रेशो २९.७ भागिले १२.१, म्हणजे २.४५. टर्बोला कितीतरी वेगाने फिरावं लागतं, हवा जास्त तापते. म्हणूनच ईसीयूत हवेच्या दाबानुसार टार्गेट आणि ड्युटी कमी करणारी टेबलं असतात. 'डोंगरावर गाडी मरते' म्हणून ती टेबलं सपाट करणारे टर्बोचं आयुष्य कमी करतात. भारतातल्या वाचकांसाठी: पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर, महाबळेश्वर १,३५० च्या आसपास. मुंबईत ट्यून केलेली गाडी तिथे थोडी सुस्त वाटणं बरोबरच आहे.

कायद्याचा भाग

अमेरिकेत रस्त्यावरच्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं क्लीन एअर ॲक्टखाली बेकायदा आहे, आणि कॅलिफोर्नियात अशा सुट्या भागांना सीएआरबीचा (तिथल्या हवा-प्रदूषण नियंत्रण मंडळाचा) मंजुरी क्रमांक लागतो. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधन घालतं. विम्याचा दावा अडकतो तो बहुधा याच मुद्द्यावर.

नंतरची देखभाल

दर ऑइल बदलाच्या वेळी ॲक्चुएटरची नळी दोन्ही टोकांना वाकवून बघा. भेग दिसली तर बदला, टोक कापून पुन्हा लावू नका. वर्षातून एकदा गळतीची चाचणी, हिवाळा सुरू होताना एक लॉग. टर्बो, डाउनपाईप, इनटेक, सोलेनॉइड किंवा इंटरकूलर यांपैकी काहीही बदललं तर टप्पा ७ पासून पुन्हा सुरुवात. शून्य ड्युटीच्या फेरीचा पहिला लॉग जपून ठेवा: सहा महिन्यांनी बूस्ट विचित्र वागायला लागलं की तीच फेरी परत मारून दोन्ही रेघा शेजारी ठेवायच्या. तळ सरकला असेल तर दोष ॲक्चुएटर, झडप किंवा नळीत आहे. तळ तोच असेल तर सोलेनॉइड काढून साफ करा आणि फुंकून बघा, आत तेलाचा चिकटा साठलेला असतो.